घरातले दिवे निवडताना: जयपूरच्या घरांसाठी थोडा हिशेब

नोकरीनिमित्त जयपुरात येऊन मानसरोवर, मालवीय नगर, वैशाली नगर अशा भागांत फ्लॅट घेतलेल्या मराठी घरांत विजेचं बिल हा एप्रिलपासून सुरू होणारा विषय. कुलर, एसी, पंखे यांच्यावर बोलून झालं की कुणीतरी म्हणतंच, "दिवे तरी एलईडी करून घ्या." बहुतेकांनी ते केव्हाच केलेले असतात. तरीही बेडरूममध्ये किंवा देवघरात तारेचा जुना झिरोचा बल्ब रात्रभर चालू असतो, कारण त्याला वीज लागतच नाही अशी सगळ्यांची समजूत.

झिरोचा बल्ब नावापुरता झिरो. तो १२ ते १५ वॅट खातो. फिरत्या चकतीच्या जुन्या मीटरला एवढा बारीक भार धड कळत नसे, म्हणून हे नाव चिकटलं. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला तो बरोब्बर कळतो. १५ वॅट, रोज नऊ तास, वर्षभर, म्हणजे सुमारे ४९ युनिट. त्याच घरात हॉलमधला ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास चालला तर वर्षाचे साडेसोळा युनिट होतात. ज्याच्या उजेडात सगळं घर बसतं त्याच्या तिप्पट वीज, ज्याच्या उजेडात फक्त बाथरूमची वाट दिसते तो खातो. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट बल्ब तेच काम वर्षाला पावणेदोन युनिटांत करतो. घरात एकच बदल करायचा असेल तर आज संध्याकाळी हा करा.

बाकीची बचत बहुतेक घरांत होऊन गेली आहे. ६० वॅटच्या तारेच्या बल्बाच्या जागी ९ वॅटचा एलईडी आला, की रोज पाच तासांच्या वापराला वर्षाकाठी ९३ युनिट वाचतात; युनिटला सात रुपये धरले तर साडेसहाशे रुपये. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीतसुद्धा एका एलईडी बल्बाला ३१० रुपये पडत होते, तेव्हा लोक विचार करत. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची योजना सुरू झाली, तीच पुढे 'उजाला' म्हणून ओळखली गेली. ईईएसएल या सरकारी कंपनीनं कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा मागणी नोंदवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये हाच खरेदीभाव ३८ रुपयांवर आला. योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. त्यामुळे एलईडी घ्यावा का, हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणता घ्यावा आणि तो मंद कसा करावा, हे दोन उरले आहेत, आणि त्यांची उत्तरं बिलात सापडत नाहीत.

असं म्हणायचं कारण साधं आहे. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट घेतो. तेवढ्यात ९ वॅटचा बल्ब रोज पाच तास, महिनाभर चालतो. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. जयपुरात वर्षातले आठ महिने पंखा दिवसाला पंधरा तास तरी फिरतो. म्हणजे एक पंखा बदलला की दीडशेच्या वर युनिट वाचतात. तेव्हा पंख्यावर आणि एसीवर कंजूषी करा, दिव्यावर नको. बिलाच्या धास्तीनं मुलांना अंधुक उजेडात अभ्यासाला बसवणारी घरं मी पाहिली आहेत. त्यात वाचतात ते महिन्याला दहा रुपये.

दुकानात गेल्यावर आधी वॅट विचारायची सवय सोडावी लागते. वॅट म्हणजे बल्ब किती खातो, लुमेन म्हणजे तो किती उजेड देतो. ६० वॅटचा तारेचा बल्ब सातशेच्या आसपास लुमेन देत असे, १०० वॅटचा तेराशेच्या आसपास. आजचा बरा ९ वॅटचा एलईडी नऊशे लुमेन देतो. पण शेजारी ठेवलेला स्वस्तातला ९ वॅटचा बल्ब सातशेवरच थांबलेला असतो. दोघांचं बिल सारखंच, उजेड मात्र पाऊणपट. खोक्यावर लुमेन छापलेले नसतील तर तो बल्ब परत ठेवा. बीईई या सरकारी संस्थेचं तारांकन एलईडी दिव्यांना २०१८ पासून सक्तीचं आहे. हे तारे एका वॅटमागे किती लुमेन मिळतात त्यावरच दिले जातात, त्यामुळे जास्त ताऱ्यांचा बल्ब घ्यायला हरकत नाही. बीआयएसची खूण आणि तिच्यासोबतचा 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांकही बघा. ती सुरक्षिततेची खूण आहे. रस्त्यावर ढीग लावून विकले जाणारे बिननावाचे बल्ब नेमके इथे नापास होतात.

दहा बाय बाराच्या खोलीला सर्वसाधारण वावरासाठी दोन-अडीच हजार लुमेन पुरतात, म्हणजे २० वॅटची एक एलईडी पट्टी, किंवा नऊ-नऊ वॅटचे दोन-तीन बल्ब. मी दुसरा पर्याय घेईन, का ते पुढे येईलच. स्वयंपाकघरात छतावरचा एकच दिवा कितीही मोठा लावला तरी ओट्याशी उभ्या राहणाऱ्याची सावली थेट चिरायच्या भाजीवर पडते. तिथे वरच्या कपाटाच्या तळाला एक छोटी एलईडी पट्टी लावा आणि छतावरच्या दिव्याचे वॅट वाढवायचा विचार सोडा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या खुर्चीशेजारी वेगळा वाचायचा दिवा हवाच. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या मुलाच्या मानानं साधारण तिसरा हिस्सा असतो. "मला दिसतंय की सगळं" असं आपण म्हणतो तेव्हा त्यांना दिसत असेलच असं नाही.

उजेड बल्बात तयार होतो, पण खोलीत तो पसरवायचं काम भिंती करतात. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेला मिर्झा राजा जयसिंग, त्याच्या काळातला आमेरचा शीशमहाल बघायला पाहुणे आले की आपण त्यांना नेतोच. तिथे एका ज्योतीनं सगळं दालन उजळतं ते भिंतीत जडवलेल्या आरशांच्या तुकड्यांमुळे. फ्लॅटमध्ये आरसे जडवायची गरज नाही. पांढरी किंवा फिकट भिंत तिच्यावर पडलेला बहुतेक उजेड परत खोलीत टाकते, तर गडद मरून किंवा गेरू रंगाची भिंत बहुतेक गिळून टाकते. इथे एक भिंत गडद गुलाबी-तांबडी रंगवायची हौस मोठी. खुशाल रंगवा, पण दिवा त्या भिंतीवर लावू नका. समोरच्या फिकट भिंतीवर लावा.

आता रंग. या बाबतीत जयपूरइतकी चांगली शाळा नाही. जौहरी बाजारात गोपालजी का रास्ता किंवा हल्दियों का रास्ता या गल्ल्यांत रत्नांचे व्यवहार चालतात. जाणकार व्यापारी पाचूचा पुडा शोकेसच्या दिव्याखाली पारखत नाही. तो कागद उलगडून खिडकीशी नेतो, शक्यतो उत्तरेच्या, कारण उत्तरेकडून येणारा दिवसाचा उजेड थेट उन्हाचा नसतो आणि दिवसभर त्यातल्या त्यात स्थिर राहतो. पिवळसर दिव्याखाली माणिक आणि सोनं खुलतं, निळसर पांढऱ्या दिव्याखाली हिरा आणि नीलम. दुकानदार हे जाणून दिवे लावतात, त्यात फसवणूक आहेच असं नाही. पण बापू बाजारातून लहरियाची साडी घेताना ती दुकानाच्या उंबऱ्याबाहेर नेऊन बघणारी बाई शहाणी, आणि घरातल्या दिव्यांनाही तोच नियम लागतो.

खोक्यावर याबाबतचे दोन आकडे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला केल्विनमध्ये असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, दुकानात 'वॉर्म व्हाइट'. ४००० म्हणजे मधला, 'नॅचरल' किंवा 'न्यूट्रल व्हाइट'. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, 'कूल डेलाइट'. आपल्याकडे पांढरा म्हणजे जास्त उजेड हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुकानदार न विचारता ६५०० देतो. बैठकीला ४००० सगळ्यांत चांगला, असं माझं मत. बेडरूमला आणि देवघराला २७०० ते ३०००. निळसर उजेड झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला लांबवतो, त्यामुळे रात्री दहानंतर ज्या खोलीत बसता तिथे तो नको. ६५०० ला मी फार तर स्टोअर रूममध्ये जागा देईन.

दुसरा आकडा सीआरआय. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते तो शंभरपैकी किती यावर सांगतो. घरगुती बल्ब साधारण ८० चा असतो, तारेचा बल्ब मात्र शंभराच्या अगदी जवळ असे. तारेचा बल्ब गेल्यावर 'जेवणाच्या पानाला रंगच येत नाही' अशी तक्रार ज्येष्ठ मंडळी करतात, तिच्यात तथ्य आहे: ८० च्या एलईडीची खोट मुख्यतः गडद लाल रंगात दिसते. टोमॅटो, कुंकू, डाळिंब, आणि माणसाच्या चेहऱ्यावरची तुकतुकी, हे सगळं थोडं मळकट होतं. सगळं घर ९० सीआरआयचं करायची गरज नाही, ते दिवे महाग पडतात. जेवणाच्या टेबलावर एक, आरशापाशी एक, शिवणकाम किंवा चित्रकला होत असेल तिथे एक. बास.

इथल्या उन्हाळ्याचा विचार मात्र सगळ्याच बल्बांसाठी करावा लागतो. एलईडीचा दाणा सहसा मरत नाही, मरतो तो त्याच्या पेंद्यातला ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरमध्येही बहुतेकदा कपॅसिटर. त्याचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या घरात असताना छताला चिकटलेल्या बंद काचेच्या गोळ्यात ठासलेला बल्ब 'पंचवीस हजार तास' हे खोक्यावरचं वचन पाळेल कसा? गोळा वापरायचाच तर मोठा घ्या, खाली किंवा बाजूला फट असलेला घ्या आणि आत कमी वॅटचा बल्ब लावा. वर्षातून दोनदा बल्बावरची धूळही पुसा. जयपूरची बारीक धूळ दुलईसारखी बसते आणि आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. उन्हाळी वादळाच्या दिवसांत वीज जाता-येताना दाबाचे झटके बसतात, म्हणून खोक्यावर सर्ज प्रोटेक्शनचा आकडा असेल, अडीच किंवा चार केव्ही असा, तर तो बल्ब दहा-वीस रुपये जास्त देऊन घ्यावा. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर अगदी स्वस्त बल्ब त्यावर फडफडतात आणि लवकर जातात. अशा बल्बांत खरा ड्रायव्हर नसतो, नुसत्या कपॅसिटरवर भागवलेलं असतं. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा त्रास नाही.

मंद दिव्यांकडे वळू. पहिली गोष्ट, डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारं फिरतं बटण, बिल वाचवण्यासाठी घेऊ नका. ९ वॅटचा बल्ब रोज तीन तास निम्म्यावर चालवला तर वर्षाला पाच युनिट वाचतात, पस्तीस रुपये. डिमर आणि त्यावर चालणारा महागडा बल्ब यांचा खर्च तेवढ्यात कधीच भरून निघणार नाही. डिमर डोळ्यांसाठी घ्यायचा. आजारी माणसाच्या खोलीत, तान्ह्या बाळाच्या खोलीत, टीव्ही बघताना, रात्री उशिरा.

दुसरी गोष्ट, नेहमीचा एलईडी बल्ब जुन्या डिमरला जोडू नका. तारेच्या बल्बासाठी बनवलेला डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा कापून टाकतो. तारेला त्याचं काही वाटत नाही, ती तापलेलीच राहते. एलईडीचा ड्रायव्हर मात्र कापलेली लाट बघून गोंधळतो: बल्ब लुकलुकतो, गुणगुणतो, बटण अर्धं फिरवल्यावर एकदम विझतो, आणि काही महिन्यांत जातो. शिवाय अशा डिमरला किमान भार लागतो, पुष्कळदा ४० ते ६० वॅट. नऊ वॅटचा एकटा एलईडी त्याला पुरत नाही. काही वायरमन उपाय म्हणून त्याच लाइनवर तारेचा एक बल्ब ठेवून देतात. उपाय चालतो, पण तो एक बल्ब एका एलईडीची जवळपास सगळी बचत खाऊन टाकतो.

खरा डिमर हवाच असेल तर दोन्ही बाजू बघून घ्या. बल्बाच्या खोक्यावर 'डिमेबल' छापलेलं पाहिजे आणि डिमरवर एलईडीसाठीचे वॅट वेगळे दिलेले पाहिजेत. '४०० वॅट' एवढंच लिहिलं असेल तर ते तारेच्या बल्बासाठी समजा. एलईडीला तोच डिमर बराच कमी भार पेलतो. दुकानदाराला 'ट्रेलिंग एज' डिमर मागा, एलईडीबरोबर तो सहसा जास्त शांत चालतो. आणि डिमेबल बल्ब ३००० केल्विनच्या वर घेऊ नका. तारेचा बल्ब मंद होताना आपोआप केशरी होत जायचा, म्हणून तो उबदार वाटे. साधा एलईडी मंद झाला तरी रंग बदलत नाही, त्यामुळे ६५०० चा बल्ब मंद केल्यावर खोलीत राखेसारखा करडा उजेड पडतो. घरात तो कुणालाच आवडत नाही आणि डिमर मग कायम पूर्ण फिरवलेला राहतो.

पंख्याच्या रेग्युलेटरचं काय? हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. बीएलडीसी पंखा रिमोटवर चालतो, त्यामुळे भिंतीवरचा रेग्युलेटर रिकामा होतो आणि वायरमन सुचवतो, "साहब, इस पे लाइट लगा दूँ?" नको. तो रेग्युलेटर पंख्याच्या मोटरचा हिशेब करून बनवलेला असतो. त्यावर एलईडी लुकलुकेल किंवा जळेल. रेग्युलेटर काढून तिथे साधं बटण बसवून घ्या.

भाड्याच्या घरात बोर्ड उघडायची सोयच नसते. तिथे तीन टप्प्यांचे बल्ब उत्तम. भिंतीवरचं बटण झटकन बंद-चालू केलं की उजेड पूर्ण, मग मध्यम, मग अगदी मंद होतो. वायरिंगला हात लावावा लागत नाही आणि घर सोडताना बल्ब सोबत नेता येतात. रंग बदलणारे 'थ्री इन वन' दिवेही याच युक्तीनं चालतात, पण त्यातले बरेचसे फक्त रंग बदलतात, उजेड कमी करत नाहीत. दुकानात लावून खात्री करा. वाय-फायवरचे स्मार्ट बल्ब मोबाइलवरून हवे तेवढे मंद होतात. त्यांना राउटरचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लागतो आणि भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं, जे घरात कामाला येणाऱ्या मावशींना पटवणं अवघड. विझलेला असतानाही असा बल्ब अर्ध्या वॅटच्या आसपास वीज घेत राहतो. पाच बल्ब असतील तर वर्षाला बावीस युनिट नुसते वाट बघण्यात जातात, हॉलच्या दिव्यापेक्षा जास्त. त्यांना डिमरवर लावायचं तर मुळीच नाही.

मला विचाराल तर घर नवं असेल किंवा वायरिंग चालूच असेल तर डिमरचे पैसे जास्तीच्या बटणांवर घाला. एका खोलीत एक मोठा दिवा लावण्याऐवजी तीन छोटे, तीन बटणांवर. सहा बल्बांचं झुंबर असेल तर त्याच्या वायरी दोन आणि चार अशा विभागून घ्या: दोन लावले की गप्पांचा उजेड, चार लावले की जेवणाचा, सहाही लावले की दिवाळीचा. इथे दिवाळीत जुन्या शहरातले बाजार रोषणाईनं असे नटतात की लोक फक्त ती बघायला बाहेर पडतात. घरी परतल्यावर दोन बल्बांचाच उजेड बरा वाटतो. यात लुकलुक नाही, गुणगुण नाही, जोडी जुळते का याची चिंता नाही. वायरमनला काम सुरू व्हायच्या आधी सांगायचं, एवढंच. पीओपीचं छत झाल्यावर सांगितलंत तर तो हसेल आणि दुप्पट पैसे मागेल.

बल्ब घेताना मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकून चालू बल्बाकडे धरा. पडद्यावर काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसले किंवा उजेड धडधडताना दिसला तर ड्रायव्हर हलका आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे असा बल्ब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण अशा उजेडात तासन्‌तास वाचणाऱ्यांपैकी काहींचं डोकं दुखतं. अभ्यासाच्या टेबलासाठी तरी ही चाचणी करावी.

आणखी एक तक्रार नेहमी येते: बटण बंद केलं तरी एलईडी रात्री मिणमिणत राहतो. भुताटकी नाही. बहुधा वायरमननं बटण फेजवर न घालता न्यूट्रलवर घातलेलं असतं, त्यामुळे बटण बंद असूनही बल्बापर्यंत फेज पोचलेला असतो आणि नखभर प्रवाह झिरपतो. तारेच्या बल्बाला तेवढ्यानं काही होत नसे, एलईडीला पुरतं. हे मिणमिणणं हसण्यावारी नेऊ नका. बटण बंद करून बल्ब बदलायला होल्डरमध्ये हात घालणाऱ्याला त्यातून झटका बसू शकतो. वायरमनकडून बटण फेजवर करून घ्या.

जुने सीएफएल अजून चालू असतील तर ते जाईपर्यंत वापरायला हरकत नाही, नवे घेऊ नका. त्यांत थोडा पारा असतो. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी सीएफएल २०२५ पर्यंत आणि जुन्या धाटणीच्या ट्यूबलाइट २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे. सीएफएल फुटला तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर पाठवा, दहा-पंधरा मिनिटांनी तुकडे जाड कागदानं गोळा करा, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. गेलेले सीएफएल, ट्यूब आणि एलईडी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

एलईडीवर बहुतेक कंपन्या एक-दोन वर्षांची हमी देतात आणि बहुतेक घरांत ती वाया जाते, कारण बल्ब कधी घेतला ते कुणालाच आठवत नाही. होल्डरमध्ये बसवण्याआधी पेंद्यावर मार्करनं तारीख लिहा, आणि बिलाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.